शिकवणाऱ्यांचे आपसातले बोलणे



हा पाठ तुम्ही बहुधा दिवसाचे काम उरकल्यावर हाती घेतला असेल. कोणी कारखान्यातील पाळी संपवून, कोणी घरातली जेवणे आटोपून, कोणी दुकानाचे शटर ओढून. मोठेपणी शिकणे म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळे सांगण्याचे कारण नाही. म्हणूनच एका प्रश्नाचा विचार तुमच्यासोबत करावासा वाटतो. निरक्षर प्रौढांना लिहायला-वाचायला शिकवणारी माणसे स्वतः हे काम कोठे शिकतात?

शाळेतील शिक्षकापासून महाविद्यालयातील अध्यापकापर्यंत प्रत्येकासाठी काही ना काही पदविका, पदवी वा पात्रता-परीक्षा आहे. प्रौढांना मुळाक्षरे शिकवणारा मात्र बहुतेक वेळा स्वयंसेवक असतो. तो निवृत्त शिक्षक असेल, महाविद्यालयात शिकणारी मुलगी असेल, अंगणवाडीताई असेल, नाहीतर शेजारच्या घरातील शिकलेली सून. त्याला थोड्या दिवसांचे प्रशिक्षण मिळते, हाती प्रवेशिका येते, आणि मग एखाद्या ओसरीवर, समाजमंदिरात किंवा शाळेच्या रिकाम्या खोलीत आपल्याहून वयाने मोठ्या असलेल्या आठ-दहा माणसांसमोर तो एकटा उभा राहतो. या एकटेपणाविषयी आणि त्यावरच्या एका साध्या उपायाविषयी मी येथे लिहीत आहे. तो उपाय म्हणजे शिकवणाऱ्यांनी एकमेकांशी नियमाने बोलणे.

महाराष्ट्राला प्रौढांचा वर्ग नवा नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये शेतकरी व कामकरी स्त्री-पुरुषांसाठी रात्रशाळा सुरू केली. त्याच वर्षी जोतीरावांनी लिहिलेल्या ‘तृतीय रत्न’ या नाटकाचा शेवटही रात्रशाळेकडेच वळतो. जोश्याकडून नाडले गेलेले शेतकरी जोडपे शिकायला जाण्याचा निश्चय करते. पुढे स्वातंत्र्यानंतर १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गाव साक्षर झाले की तेथे ग्रामगौरव समारंभ होत असे. राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रमाचा आरंभ २ ऑक्टोबर १९७८ रोजी झाला, आणि राष्ट्रीय साक्षरता मिशन ५ मे १९८८ रोजी स्थापन झाले. केरळातील एर्नाकुलम जिल्हा ४ फेब्रुवारी १९९० रोजी संपूर्ण साक्षर म्हणून जाहीर झाल्यावर त्या धर्तीवर देशभर जिल्हावार अभियाने उभी राहिली. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग, वर्धा यांसारख्या जिल्ह्यांतून ही लाट मराठवाड्यापर्यंत आली.

या अभियानांची रचना विचारपूर्वक केलेली होती. प्रवेशिकेचे तीन भाग होते आणि सराव व चाचण्या त्यांतच गुंफलेल्या होत्या. सुमारे २०० तासांच्या शिक्षणानंतर शिकणाऱ्याला काय आले पाहिजे, हेही ठरलेले होते. साधा मजकूर मिनिटाला ३० शब्द या गतीने मोठ्याने वाचणे, ३५ शब्द या गतीने मनात वाचणे, ७ शब्द पाहून लिहिणे आणि ५ शब्द ऐकून लिहिणे. प्रवेशिका आणि नवसाक्षरांसाठीची पुस्तके सिद्ध करण्याचे काम राज्य संसाधन केंद्रांकडे असे. असे एक केंद्र पुण्यात होते आणि एक आपल्या शहरात. प्रशिक्षणाची उतरंडही पक्की होती. संसाधन व्यक्ती मुख्य प्रशिक्षकांना शिकवीत, मुख्य प्रशिक्षक स्वयंसेवकांना शिकवीत, आणि स्वयंसेवक सुमारे दहा जणांच्या वर्गाला.

आता या रचनेतील हालचाल पाहा. शिकवण्याची रीत वरून खाली येत होती आणि वर्गांचे, हजेरीचे, उत्तीर्णांचे आकडे खालून वर जात होते. एका वस्तीतील स्वयंसेवकाने शेजारच्या वस्तीतील स्वयंसेवकाला ‘तुझ्याकडे हे अक्षर कसे जमले?’ असे विचारावे, यासाठी तिच्यात फारशी सोय नव्हती. आपला शेतकरी नव्या वाणाची माहितीपत्रके घेतो, पण पेरणीआधी शेजारच्या बांधावर जाऊन तेथले पीक पाहतो, दोन प्रश्न विचारतो आणि मगच बियाणे आणतो. साक्षरतेच्या कामात पत्रके भरपूर निघाली. बांधावरचे बोलणे मात्र ज्याच्या त्याच्या हौसेवर सोडले गेले. अभियान संपले, स्वयंसेवक आपापल्या संसाराला लागले आणि हजारो संध्याकाळींतून त्यांना जे उमगले होते ते बहुतांशी त्यांच्याबरोबरच गेले.

मराठवाड्याच्या दृष्टीने ही हानी लहान नाही. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता आणि तेथे शिक्षणाची व कारभाराची भाषा उर्दू होती. बहुसंख्य मराठी भाषकांना आपल्या मातृभाषेतून शिकण्याची संधी उशिरा मिळाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या वतीने येथे महाविद्यालय काढले ते १९५० साली, आणि मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले ते १९५८ साली. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या जिल्ह्यात साक्षरतेचे प्रमाण सुमारे ७९ टक्के होते. पुरुषांमध्ये ते सुमारे ८७ टक्के, तर स्त्रियांमध्ये सुमारे ७० टक्के. म्हणजे सात वर्षांवरील दर दहा स्त्रियांपैकी तिघींना अक्षरओळख नव्हती. प्रौढांच्या वर्गात आज प्रामुख्याने दिसतात त्या याच स्त्रिया.

आमच्या शहरात अशा वर्गांवर शिकवणाऱ्या काही जणांची महिन्यातून एकदा बैठक भरते. मुकुंदवाडी, किराडपुरा, चिकलठाणा या भागांतून आणि फुलंब्री, कन्नड, पैठणकडून पंधरा-वीस माणसे येतात. भाषाविज्ञानाचा अभ्यासक म्हणून मला तेथे बोलावणे आले आणि मी जात राहिलो तो मुख्यतः ऐकण्यासाठी. तेथे ऐकलेल्या काही गोष्टी सांगतो. म्हणजे ‘बोलणे’ या शब्दाने मला काय अभिप्रेत आहे ते स्पष्ट होईल.

एका बैठकीत एकीने विचारले, “माझ्या वर्गातल्या मावशी ‘चिंच’ वाचताना पहिल्या वेलांटीपाशीच अडतात. काय करू?” प्रश्न वरकरणी क्षुल्लक आहे, पण त्यात आपल्या लिपीचा एक स्वभाव दडलेला आहे. आपण उच्चारतो आधी ‘च्’ आणि मग ‘इ’. लिहिताना मात्र ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येते. डावीकडून उजवीकडे वाचायचे, हे नुकतेच शिकलेल्या माणसाला पहिली भेटते ती वेलांटी, आणि तिचा उच्चार तर नंतर करायचा असतो. लहानपणी शिकलेल्या आपल्याला ही विसंगती जाणवतही नाही. त्यावर कन्नडकडच्या एका निवृत्त गुरुजींनी आपली रीत सांगितली. ते आधी अक्षर लिहायला सांगतात, डावीकडे जागा सोडायला लावतात, आणि वेलांटी मागाहून काढून घेतात. लिहिण्याचा क्रम बोलण्याच्या क्रमाशी जुळला की वाचतानाची अडचण हळूहळू सुटते. पुढच्या महिन्यात चौघींनी ती रीत वापरून पाहिली होती. तिघींना ती उपयोगी पडली. चौथीने मात्र सांगितले की तिच्या वर्गातील दोघी आता दीर्घ वेलांटीही आधीच काढू लागल्या आहेत. तेव्हा दोन वेलांट्यांच्या पाठांत काही दिवसांचे अंतर ठेवावे, असे ठरले. ज्ञान अशा पायऱ्यांनी तयार होते.

दुसरा प्रश्न अंकांचा. भाजी विकणारी बाई तोंडी हिशेबात तुमच्या-माझ्यापेक्षा तरबेज असते, पण ‘एकवीस’ ऐकले की पाटीवर १२ लिहिते. कारण ती ऐकल्याप्रमाणे लिहिते. मराठीत आधी ‘एक’ येतो, मग ‘वीस’. अंकांत मात्र आधी २, मग १. ‘एकोणतीस’ तर त्याहून अवघड. बोलण्यात तीस आहे, लिहिण्यात तीन नाहीच. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी पर्यायी वाचनपद्धती सुचवली गेली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला होता. आमच्या बैठकीत तो वाद कोणी उकरला नाही. एका अंगणवाडीताईंनी एवढेच सांगितले की त्या नोटांपासून सुरुवात करतात. वीसची एक नोट आणि एक रुपयाचे एक नाणे समोर ठेवले की मोठे आधी लिहायचे हे हाताला कळते, आणि तोंडचा शब्द बदलावा लागत नाही.

तिसरा प्रसंग बोलीचा. प्रवेशिकेत ‘आई’ हा शब्द होता. मराठवाड्यातील अनेक घरांत आईला ‘माय’ म्हणतात, बंजारा तांड्यावर ‘याडी’ म्हणतात, दखनी बोलणाऱ्या मोहल्ल्यात ‘अम्मा’. एक स्वयंसेवक म्हणाला, “मी प्रत्येकीला तिचा स्वतःचा शब्द लिहून देतो.” दुसरीने लगेच हरकत घेतली, “पण परीक्षेत ‘आई’ येणार. मग त्यांचे नुकसान नाही का?” दोघांचेही म्हणणे खरे होते. अक्षर मनात रुजते ते तोंडात आधीच असलेल्या ध्वनीशी जोडले गेले तर, हे भाषाविज्ञान सांगते. आणि प्रमाण मराठी वाचता आली नाही तर बसची पाटी, रेशनचा फलक, रुग्णालयातील सूचना बंद राहतात, हे व्यवहार सांगतो. बरीच चर्चा होऊन तोडगा निघाला तो असा : पहिल्या आठवड्यात ‘माय’ आणि ‘याडी’, आणि ‘आई’ त्यांच्या शेजारी दुसऱ्या आठवड्यात. एकही शब्द चुकीचा ठरवायचा नाही.

याच ओघात एकीने सांगितले की तिच्या वर्गातील आजी ‘पाणी आहे’ हे छापील वाक्य ‘पानी हाय’ असे वाचतात, आणि ती दर वेळी त्यांना थांबवून दुरुस्त करते. येथे मात्र मी बोललो. आजींनी अक्षरे ओळखली, वाक्याचा अर्थ लावला आणि तो आपल्या बोलीत सांगितला. म्हणजे त्या खरोखर वाचत आहेत. अर्थ न कळता केलेल्या अचूक उच्चारापेक्षा हे वाचन मोलाचे आहे. दुरुस्ती करायचीच असेल तर वाक्य पुरे झाल्यावर करावी. मोठ्या माणसाला शब्दाशब्दाला अडवले तर तो आपल्या बोलण्याचीच लाज बाळगू लागतो.

आणि चौथी गोष्ट डोळ्यांची. महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी निराश होऊन म्हणाली की तिच्या दोन मावशींच्या ‘डोक्यात काही शिरतच नाही’. फळ्यावरचे वाचतात, पुस्तकातले वाचत नाहीत. तिच्या शेजारी बसलेल्या पन्नाशीच्या बाईंनी हसून स्वतःचा चष्मा काढून दाखवला. जवळचे दिसेनासे होण्याला आपल्या भाषेत ‘चाळिशी’ म्हणतात. त्या चष्म्याचे नावही तेच. वीस वर्षांच्या मुलीला ते कसे सुचावे? पुढील महिन्यात तिने सांगितले की चष्मे आले आणि दोघीही पुस्तक वाचू लागल्या. त्या बैठकीला ती आली नसती, किंवा आपली अडचण तिने मनातच ठेवली असती, तर ‘डोक्यात शिरत नाही’ हाच निष्कर्ष कायम राहिला असता आणि त्या दोघी वर्ग सोडून गेल्या असत्या. प्रौढ विद्यार्थी सहसा तक्रार करीत नाही. तो यायचा थांबतो. शिकवणाऱ्यांच्या बोलण्याने काय साधते असे कोणी विचारले, तर मी या दोन चष्म्यांकडे बोट दाखवतो.

आपल्या भागातील आणखी एक वास्तव या बैठकीतच मला नीट कळले. पैठण, कन्नड, तसेच शेजारच्या बीड व जालना जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला टोळ्या जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे एक ‘कोयता’ म्हणतात आणि मुकादमाकडून आधी घेतलेल्या रकमेला ‘उचल’. ब्राझीलमधील शिक्षणचिंतक पाऊलो फ्रेरे यांनी १९६३ मध्ये आंजिकोस या गावी सुमारे ३०० कष्टकऱ्यांना शिकवताना त्यांच्या जगण्यातील कळीचे शब्द निवडले होते. विटेसाठीचा साधा शब्द घेऊन त्यावर आधी चर्चा, मग अक्षरे. आमच्या एका स्वयंसेवकाने फ्रेरे वाचलेले नाहीत. पण त्याने पहिला शब्द घेतला तो ‘उचल’. तीन अक्षरे, काना नाही, मात्रा नाही. शब्द लिहून होताच वर्गात बोलणे सुरू झाले : कोणाची किती, चिठ्ठीवर काय लिहिले आहे, फिटली किती, राहिली किती. ज्या स्त्रीच्या श्रमावर अर्धी उचल उभी असते तिने तो आकडा स्वतः वाचावा, यासाठी हा वर्ग आहे, हे त्या दिवशी कोणाला समजावून सांगावे लागले नाही. त्याने हे बैठकीत सांगितले आणि पुढच्या हंगामाआधी आणखी तीन गावांत वर्ग दसऱ्यापूर्वी संपतील असे आखले गेले.

अशा बैठका सहज टिकत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. सर्वांत मोठा धोका असतो तो बोलण्याचा अहवाल होण्याचा. कोणी अधिकारी वा पाहुणा समोर बसला की स्वर बदलतो. ‘माझे दहापैकी दहा येतात’, ‘सर्वांना सही येते’ अशी वाक्ये ऐकू येऊ लागतात. ती खोटी असतात असे नाही. पण त्यांच्यापासून शेजारी बसलेल्याला शिकण्यासारखे काही नसते. उलट ज्याचा वर्ग अडला आहे तो अधिकच गप्प होतो. एकदा बराच वेळ अशी यशाची फेरी चालल्यावर मागे बसलेली एक सून म्हणाली, “माझ्या बाया पुस्तकातला धडा घडाघडा म्हणतात, पण बसची पाटी वाचत नाहीत. मला वाटतं, त्यांना धडा पाठ झालाय.” क्षणभर शांतता पसरली. मग एकामागून एक तिघांनी सांगितले की त्यांच्याकडेही असेच आहे. त्यानंतर तासभर जी चर्चा झाली ती त्या वर्षातील सर्वांत उपयुक्त होती. धड्यातील ओळी उलट्या क्रमाने वाचायला देणे, वर्ग एक दिवस बसस्थानकावर भरवणे, औषधाच्या पाकिटावरील तारीख शोधायला लावणे, असे कितीतरी उपाय त्या तासात पुढे आले.

या अनुभवांतून अशा बोलण्याची काही पथ्ये मला दिसतात. बैठकीला येताना प्रत्येकाने एक अडचण आणावी. यश आणले नाही तरी चालेल. अडचण नेमकी असावी : कोणते अक्षर, कोणता शब्द, कोणती वेळ. सल्ला देणाऱ्याने तो स्वतः करून पाहिलेला असावा. पुढच्या वेळी त्या सल्ल्याचे काय झाले ते विचारावे. बोललेले चार ओळींत वहीत उतरवावे, कारण माणसे बदलतात आणि वही राहते. आणि शिकणाऱ्या व्यक्तीची थट्टा होईल असे काहीही तेथे बोलू नये. ती तेथे हजर नसते, म्हणून तिचा मान राखण्याची जबाबदारी अधिक. त्या वर्गात जी मावशी आपल्या विद्यार्थिनीच्या वयाच्या शिक्षिकेला ‘बाई’ म्हणते, ती वर्गाबाहेर तिला ‘पोरी’ म्हणते. ही दोन्ही नाती सांभाळायची असतात.

आज हा विषय तुमच्यासमोर ठेवण्यामागे निकडीचे कारण आहे. २०२२ ते २०२७ या काळासाठी केंद्र शासनाचा नवभारत साक्षरता कार्यक्रम सुरू आहे. ‘उल्लास’ या नावाने तुम्ही तो ऐकला असेल. पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी असलेला हा कार्यक्रम स्वयंसेवकांच्या बळावर उभा आहे. महाराष्ट्रात १७ मार्च २०२४ रोजी वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांची १५० गुणांची चाचणी झाली आणि साठी-सत्तरीच्या आजी नातवंडांचे बोट धरून परीक्षेला गेल्या. पुन्हा एकदा घरोघरी कोणीतरी कोणाला तरी शिकवत आहे. पुन्हा एकदा आकडे वर जातील. या वेळी त्या शिकवण्यातून उमगलेले काही मागे उरेल की नाही, हे शिकवणाऱ्यांच्या बोलण्यावर अवलंबून आहे.

मित्रहो, हे काम तुमच्या हातचे आहे, आणि ते तुमच्या अभ्यासालाही धरून आहे. लिपी आणि ध्वनी यांचे नाते, प्रमाणभाषा आणि बोली यांचा संबंध, अर्थ आणि वाचन यांची सांगड हे सारे तुम्ही पदवीच्या अभ्यासक्रमात वाचता. तेच प्रश्न एखाद्या ओसरीवर रोज संध्याकाळी जिवंत होऊन समोर येतात. शिवाय मोठेपणी शिकताना लागणारा संकोच, थकवा आणि जिद्द तुम्हाला आतून ठाऊक आहे. पंचविशीच्या आत शिक्षण संपवलेल्या माझ्यासारख्याला ती पुस्तकातून जाणून घ्यावी लागते.

तेव्हा पुढच्या संपर्कसत्राला अभ्यासकेंद्रावर जाल, तेव्हा मधल्या सुटीत एवढेच विचारा : आपल्यापैकी कोणी घरी, शेजारी, कामाच्या ठिकाणी कोणाला वाचायला शिकवत आहे का? दोघे-तिघे निघतील. त्यांच्याजवळ बसा. एकाने आपले अडलेले अक्षर सांगावे, दुसऱ्याने आपली रीत सांगावी, तिसऱ्याने वही उघडून तारीख घालावी.